साठ अंश कुठे गेले? एका उत्तरपत्रिकेचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

भूमितीच्या स्पर्धा परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या एका अभ्यासवर्गात हे घडले. विद्यार्थी शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांतले. अंतराचे सूत्र, विभाजन सूत्र, रेषेचा चढ, रेषेचे समीकरण हे सगळे शिकून झालेले, कोसाइनचा नियमही (दोन बाजू आणि त्यांच्यातला कोन यांवरून तिसरी बाजू देणारा) झालेला. सदिश, म्हणजे लांबी आणि दिशा दोन्ही असलेल्या राशी, मात्र अजून यायचे होते. सराव चाचणीतल्या एका उत्तरावरून तीन परीक्षकांचे एकमत होईना. गुण किती द्यायचे एवढाच वाद होता, पण तो सोडवताना निर्देशक पद्धतीत आपण न बोलता काय काय धरून चालतो ते एकेक करून बाहेर काढावे लागले. व्यक्ती ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत, आकडेमोड मात्र पूर्ण दिली आहे.

प्रश्न १२ गुणांचा होता. त्रिकोण अबक मध्ये अब = ६, अक = ४ आणि कोन अ = ६०°. चार उपप्रश्न होते. पहिला, २ गुणांचा: मध्यगा एकमेकींना कोणत्या गुणोत्तरात विभागतात ते निर्देशकांनी दाखवा. दुसरा, ४ गुणांचा: बाजू बक वर ड, कअ वर इ आणि अब वर फ असे बिंदू घेतले की बड : डक = कइ : इअ = अफ : फब = १ : २; तर अड, बइ, कफ या रेषांनी मधोमध तयार होणारा छोटा त्रिकोण मूळ त्रिकोणाच्या कितवा भाग आहे? तिसरा, ३ गुणांचा: अ मधून बक वर टाकलेल्या शिरोलंबाची लांबी. चौथा, ३ गुणांचा: परिवर्तुळाची त्रिज्या.

प्रश्न काढणाऱ्यांच्या मनात नेहमीची मांडणी होती. अ आरंभबिंदू, अब क्ष-अक्षावर, म्हणजे ब (६, ०) आणि क (२, २√३). कोणते अक्ष घ्यायचे हे प्रश्नपत्रिकेत लिहिले नव्हते. ते लिहायची गरज आहे असे कोणाला वाटलेही नव्हते.

उत्तरपत्रिकेत काय होते

एका विद्यार्थिनीने वेगळी सुरुवात केली. तिने अब क्ष-अक्षावर आणि अक य-अक्षावर घेतली. ब (६, ०), क (०, ४). मग ही मांडणी चौकटीच्या आलेखकागदावर काढली आणि पुढचे सगळे त्या आकृतीवरून केले.

पहिल्या उपप्रश्नात मध्यगासंपात (२, ४/३) आला. बक चा मध्यबिंदू (३, २), म्हणून गुणोत्तर २ : १. दुसऱ्यात ड (४, ४/३), इ (०, ८/३), फ (२, ०). तिन्ही रेषांची समीकरणे मांडून तिने छोट्या त्रिकोणाचे शिरोबिंदू काढले: (१२/७, ४/७), (२४/७, ८/७) आणि (६/७, १६/७). त्याचे क्षेत्रफळ १२/७, मोठ्या त्रिकोणाचे १२, म्हणून सातवा भाग. हे उत्तर बरोबर आहे.

तिसऱ्यात बक चा चढ −२/३, म्हणून शिरोलंबाचा चढ ३/२, लंबपाद (२४/१३, ३६/१३), लांबी १२/√१३, म्हणजे सुमारे ३.३३. चौथ्यात परिकेंद्र (३, २), त्रिज्या √१३, म्हणजे सुमारे ३.६१. ही दोन्ही उत्तरे चूक आहेत. शिरोलंबाची खरी लांबी ६√२१/७, सुमारे ३.९३, आणि परित्रिज्या २√२१/३, सुमारे ३.०६.

पानाच्या तळाशी तिने पडताळाही घेतला होता, आणि या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा तोच. अंतराच्या सूत्राने बक = √५२. पाया गुणिले उंची भागिले दोन, म्हणजे ½ × √५२ × १२/√१३ = १२. अक्षांवरच्या बाजूंवरून ½ × ६ × ४ = १२. दोन वेगळ्या वाटांनी तोच आकडा मिळाला. तिने त्याखाली रेघ ओढून ‘पडताळा जुळला’ असे लिहिले.

समस्या

चूक पहिल्यांदा नजरेस आली ती चौथ्या उपप्रश्नात. परिकेंद्र (३, २) हा बक चा मध्यबिंदू आहे. परिकेंद्र बाजूच्या मध्यावर फक्त काटकोन त्रिकोणातच येते, आणि इथे तर अ चा कोन ६०° दिलेला. परीक्षक पाने उलटून ६०° हा आकडा शोधू लागले. तो पूर्ण उत्तरात एकदाही वापरलेला नव्हता.

म्हणजे तिने ६ आणि ४ या बाजूंमध्ये काटकोन असलेला दुसराच त्रिकोण सोडवला होता, आणि तो अचूक सोडवला होता. पडताळा जुळण्याचे कारणही तेच. अंतराचे सूत्र, चढांचा गुणाकार −१ असण्याची अट आणि अर्ध्या गुणाकाराचे क्षेत्रफळ ही तिन्ही एकाच गृहीतकावर उभी आहेत: अक्ष परस्परांना लंब आहेत. एकाच गृहीतकातून निघालेली सूत्रे आपसात जुळणारच. त्या जुळण्यातून गृहीतक तपासले जात नाही.

इथवर तिघांचे एकमत होते. वाद सुरू झाला तो पुढच्या प्रश्नावर: अक्ष चुकीचे घेतले असतील, तर पहिली दोन उत्तरे बरोबर कशी?

पहिली दोन उत्तरे बरोबर का आली

पहिल्या परीक्षकांच्या मते तो योगायोग होता. दुसऱ्या परीक्षकांना हे पटेना, कारण १/७ हे उत्तर योगायोगाने पडण्यासारखे नाही. तिसऱ्या परीक्षकांनी फळ्यावर दोन्ही मांडण्या शेजारीशेजारी काढल्या.

अक्षांमधला कोन ६०° ठेवून, प्रत्येक अक्षाला समांतर जात मोजले, तर ब (६, ०) आणि क (०, ४) हे निर्देशक पूर्ण वैध आहेत. प्रतलातल्या प्रत्येक बिंदूला अशी एकच जोडी मिळते आणि प्रत्येक जोडीला एकच बिंदू. याला तिरपे अक्ष म्हणतात. अक्ष लंब असावेत ही निर्देशक असण्याची अट नाही. १६३७ मध्ये फ्रेंच गणितज्ञ देकार्तने बीजगणित भूमितीला जोडले तेव्हाही आजच्यासारखी दोन काटकोनी अक्षांची ठरलेली जोडी नव्हती. एका आधाररेषेवर लांबी मोजायची आणि तिच्याशी ठरावीक कोन करणाऱ्या रेषाखंडाने बिंदू गाठायचा, अशी ती रीत होती.

तिरप्या (क्ष, य) वरून काटकोनी निर्देशकांकडे जायचे सूत्र सोपे आहे. पहिला निर्देशक क्ष + य/२, दुसरा य × √३/२; कारण कॉस ६०° = १/२ आणि साइन ६०° = √३/२. हे सूत्र एकघाती आहे, त्यामुळे रेषेची रेषाच राहते, समांतर रेषा समांतर राहतात आणि एकाच रेषेवरच्या रेषाखंडांची गुणोत्तरे बदलत नाहीत. मध्यबिंदू, विभाजन सूत्र, मध्यगासंपात, तीन बिंदू एकरेषीय असणे, तीन रेषा एकसंपाती असणे: यांपैकी कशालाच काटकोन लागत नाही.

क्षेत्रफळाचे थोडे वेगळे आहे. तिरप्या अक्षांवर नेहमीच्या सूत्राने काढलेले प्रत्येक क्षेत्रफळ खऱ्या क्षेत्रफळाच्या २/√३ पट येते. मोठा त्रिकोण १२ आला, खरा ६√३, म्हणजे सुमारे १०.३९. छोटा १२/७ आला, खरा ६√३/७. दोन्ही एकाच पटीत चुकले, म्हणून गुणोत्तर बिनचूक राहिले. सातवा भाग बरोबर येण्यामागे हे ठोस कारण होते, आणि विद्यार्थिनीला ते माहीत नव्हते हेही तितकेच खरे.

मग तिसऱ्या परीक्षकांनी आणखी एक पाऊल टाकले. दोन्ही अक्षांवर एकक सारखेच हवे, हीसुद्धा सवयच आहे. अब ही लांबी एका अक्षाचे एकक धरा आणि अक दुसऱ्याचे. ब (१, ०), क (०, १). मध्यगासंपात (१/३, १/३), छोटा त्रिकोण पुन्हा सातवा भाग. ६, ४ आणि ६०° यांतला एकही आकडा लागला नाही. पहिले दोन उपप्रश्न कोणत्याही त्रिकोणाला सारखेच लागू आहेत. दिलेली मापे त्यांच्यासाठी निरुपयोगी होती. प्रश्नपत्रिका काढताना हे कोणाच्या लक्षात आले नव्हते.

लांबी, लंब आणि वर्तुळ मात्र निर्देशकांतून आपोआप मिळत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी माहिती पुरवावी लागते. ती किती? या एककांत (क्ष, य) पर्यंतच्या अंतराचा वर्ग = ३६क्ष² + २४क्षय + १६य². तीन सहगुणक, बस्स. ३६ आणि १६ हे बाजूंचे वर्ग, आणि मधला २४ म्हणजे २ × ६ × ४ × कॉस ६०°. हरवलेले साठ अंश त्या मधल्या पदात असतात. नेहमीच्या अंतराच्या सूत्रात ते पद दिसत नाही, कारण कॉस ९०° शून्य आहे. शिकताना आपण फक्त उरलेली दोन पदे पाठ करतो.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय, पूर्ण उत्तर रद्द करून शून्य द्यायचे. बाजूने मुद्दा असा की विद्यार्थिनीने तिरपे अक्ष जाणूनबुजून घेतले नव्हते. आलेखकागदावरची आकृतीच सांगत होती की तिने ६०° दुर्लक्षिले. विरुद्ध मुद्दा असा की पहिल्या दोन उपप्रश्नांतली एकही पायरी चुकीची नाही. बरोबर पायऱ्यांना शून्य दिले तर ‘अक्ष लंबच हवेत’ हा चुकीचा नियम शिकवला जाईल.

दुसरा पर्याय, पहिल्या दोघांना पूर्ण गुण आणि शेवटच्या दोघांना शून्य. हा सर्वांत सरळ वाटला. पण त्यात तिसऱ्या आणि चौथ्या उपप्रश्नात एकाच चुकीची दोनदा वजाबाकी होते.

तिसरा पर्याय, चूक एकदाच धरायची आणि पुढचे काम त्या चुकीच्या आधारावर तपासायचे. गुणदानात ही रीत रुळलेली आहे. पण तिसऱ्या परीक्षकांनी एक अडचण दाखवली. काटकोन धरल्यावर चौथा उपप्रश्न एका ओळीचा होतो: कर्णाचा मध्य, झाले. ६०° ठेवले तर दोन समीकरणे सोडवावी लागतात: क्ष + य/२ = ३ आणि य + क्ष/२ = २, त्यांतून परिकेंद्र (८/३, २/३). चुकीमुळे काम सोपे झाले असेल, तर पुढच्या पायऱ्यांचे पूर्ण गुण देणे न्याय्य नाही.

चौथा पर्याय, प्रश्नच बाद करून सगळ्यांना समान गुण. तो लगेच बाजूला पडला. प्रश्न चुकीचा नव्हता, फक्त अक्षांबद्दल मौन बाळगून होता.

काय ठरले आणि काय केले

पहिल्या दोन उपप्रश्नांना पूर्ण ६ गुण. तिसऱ्याला ३ पैकी १, कारण चढावरून लंब रेषा आणि छेदनबिंदू काढण्याची रीत तिला येत होती. चौथ्यालाही १, परिकेंद्र बाजूवर पडले तेव्हाच शंका यायला हवी होती, हा शेरा त्यासोबत लिहिला. एकूण १२ पैकी ८. पहिल्या परीक्षकांनी शेवटपर्यंत ६ गुणांचा आग्रह धरला. तो अवाजवी म्हणता येणार नाही: कारण माहीत नसताना आलेल्या बरोबर उत्तराला किती गुण द्यावेत, याचे एकच उत्तर नाही.

गुण देऊन विषय संपला नाही. पुढच्या तासाला पूर्ण वर्गाला हाच प्रश्न तीन मांडण्यांत करायला दिला. एका गटाला काटकोनी अक्ष, दुसऱ्याला ६०° चे तिरपे अक्ष, तिसऱ्याला बाजू हीच एकके. आधी प्रत्येकाने कंपास, कोनमापक आणि पट्टीने त्रिकोण खरा काढून बक मोजायची. ती सुमारे ५.३ सेंटीमीटर येते, कारण √२८ ≈ ५.२९. √५२ म्हणजे ७.२१, जवळजवळ दोन सेंटीमीटरचा हा फरक कोणतीही पट्टी दाखवते. आलेखकागद मुद्दाम दिला नाही. त्या कागदाच्या चौकटीतच दोन गृहीतके छापलेली असतात, काटकोन आणि सारखे एकक, आणि त्यावर काढलेली आकृती पाहणाऱ्याला ती दिसत नाहीत.

तिरप्या अक्षांच्या गटाला तीन सूत्रे स्वतः काढायला लावली. अंतर कोसाइनच्या नियमावरून: क्षमधला फरक आणि यमधला फरक यांच्या वर्गांच्या बेरजेत त्या फरकांच्या गुणाकाराची २ कॉस पट मिळवायची. ६०° साठी ती एक पट होते, म्हणजे क्ष² + क्षय + य². क्षेत्रफळ: नेहमीचे सूत्र गुणिले साइन ६०°. लंब असण्याची अट सर्वांत अवघड गेली: दोन चढांची बेरीज गुणिले कॉस, अधिक चढांचा गुणाकार, अधिक १, हे सगळे मिळून शून्य. बक चा चढ −२/३ घातला की शिरोलंबाचा चढ ४ येतो आणि लंबपाद (६/७, २४/७). अंतराच्या नव्या सूत्राने शिरोलंबाच्या लांबीचा वर्ग (३६ + १४४ + ५७६)/४९ = ७५६/४९, म्हणजे लांबी ३.९३. काटकोनी गटाचेही उत्तर तेच. दोन वेगळ्या अक्षांवरून आलेला असा मेळ हा खरा पडताळा. विद्यार्थिनीच्या पानावरचा मेळ एकाच अक्षांवरचा होता.

बाकीच्या गृहीतकांचे काय

एक गृहीतक ढासळलेले पाहिल्यावर वर्गातून प्रश्न येऊ लागले: मग आणखी काय काय धरून चाललोय आपण? हा निर्णयाचा दुसरा टप्पा. विषय वाढवायचा की थांबायचे? अर्धा तास द्यायचे ठरले, आणि तो वाया गेला नाही.

पहिला प्रश्न ‘प्रत्येक बिंदूला संख्या असते का?’ याचे उत्तर कोणत्या संख्या वापरता त्यावर अवलंबून आहे. केवळ परिमेय निर्देशक असलेले बिंदू घेतले तर आरंभबिंदूभोवतीचे १ त्रिज्येचे वर्तुळ आणि क्ष = य ही रेषा एकमेकांना कुठेच भेटत नाहीत, कारण छेदनबिंदूचा निर्देशक १/√२ आहे. चित्रात रेषा वर्तुळाच्या आरपार जाताना दिसते, हिशोबात मात्र तिथे भोक. रेषेत भोके नाहीत हे पाहून सिद्ध होत नाही, ते गृहीत धरावे लागते. गणितज्ञ डेडेकिंडने १८७२ मध्ये ही अट नेमकी मांडली. १९३२ मध्ये गणितज्ञ बर्कहॉफने तर शालेय भूमितीची गृहीतकेच पट्टी आणि कोनमापकावर रचली: रेषेवरच्या बिंदूंची वास्तव संख्यांशी एकास एक जोडी लागते, हेच पहिले गृहीतक. म्हणजे अनेक पाठ्यपुस्तकांत निर्देशक हे भूमितीतून निघालेले फळ नसून तिच्यात सुरुवातीलाच पेरलेले बी असते.

याच ओघात एक सुंदर गोष्ट हाती लागली. काटकोनी, सारख्या एककाच्या अक्षांवर तिन्ही शिरोबिंदूंचे निर्देशक परिमेय असतील असा समभुज त्रिकोण काढता येत नाही. निर्देशकांच्या सूत्राने त्याचे क्षेत्रफळ परिमेय येते. बाजूच्या वर्गाची √३/४ पट घेतली तर ते अपरिमेय येते. दोन्ही एकदम खरे असू शकत नाही. आणि ६०° च्या तिरप्या अक्षांवर? (०, ०), (१, ०), (०, १). समभुज त्रिकोण समोर उभा. जे अशक्य वाटत होते ते अक्षांमुळे अशक्य होते, त्रिकोणामुळे नव्हे.

दुसरा प्रश्न ‘प्रत्येक बिंदूला एकच नाव?’ ध्रुवीय निर्देशकांत आरंभबिंदूचे अंतर शून्य आणि कोन कोणताही. पृथ्वीच्या ध्रुवावर रेखांश कोणताही चालतो. हा दोष एखाद्या मांडणीपुरता नाही. संपूर्ण गोलाला एकच जाळे निर्दोष बसवता येतच नाही, निदान दोन नकाशे लागतात. शिवाय तिथे सारख्या फरकाला सारखे अंतर नसते. विषुववृत्तावर रेखांशाचा १° म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, ६०° अक्षांशावर त्याच्या निम्मा. त्या अक्षांशावर १८०° रेखांशाच्या फरकाने दोन ठिकाणे घेतली, तर अक्षांशवृत्ताने जायला सुमारे १०,००० किलोमीटर पडतात आणि ध्रुवावरून गेले तर सुमारे ६,६७०. आकड्यांत सरळ दिसणारी वाट भूमितीत सरळ असेलच असे नाही.

तिसरी गोष्ट वर्गात न नेण्याचे ठरले, ती परीक्षकांच्या आपसातल्या चर्चेतच राहिली. प्रत्येक रेषेला एकघाती समीकरण मिळते हेही फुकट मिळत नाही. गणितज्ञ हिल्बर्टने १८९९ मध्ये दाखवले की त्यासाठी प्रतलात देझार्गचे प्रमेय (दोन त्रिकोणांचे जोडीचे शिरोबिंदू जोडणाऱ्या रेषा एकसंपाती असतील, तर जोडीच्या बाजूंचे छेदनबिंदू एकरेषीय असतात) खरे असावे लागते. आणि निर्देशक म्हणून येणाऱ्या संख्यांचा गुणाकार कोणत्याही क्रमाने सारखाच यावा यासाठी पाप्पसचे प्रमेय (दोन रेषांवरचे तीन-तीन बिंदू आडवेतिडवे जोडले की मिळणारे तीन छेदनबिंदू एकरेषीय असतात). गणितज्ञ मोल्टनने १९०२ मध्ये एक प्रतल रचले, ज्यात बिंदू आपल्याच ओळखीच्या जोड्या, पण एका दिशेने कललेल्या रेषा य-अक्ष ओलांडताना मोडतात, त्यांचा चढ दुप्पट होतो. दोन बिंदूंतून तिथेही एकच रेषा जाते, पण देझार्गचे प्रमेय खोटे ठरते. हे वर्गात सांगावेसे दोघांना वाटत होते. लंबाच्या अटीतच मुले अडखळत असताना ते लादले नाही, हे योग्यच झाले.

निष्पत्ती

पुढच्या चाचणीत नवा त्रिकोण आला: अब = ८, अक = ५, कोन अ = ६०°. या वेळी त्याच विद्यार्थिनीने तिरपे अक्ष घेतले आणि पहिल्याच ओळीत लिहिले: अक्षांमधला कोन ६०°, एकक सारखे. अंतराच्या नव्या सूत्राने बक² = ६४ + २५ − ४० = ४९, बक = ७. परिकेंद्र (११/३, २/३), त्रिज्या ७/√३, सुमारे ४.०४. सगळे बरोबर.

शिरोलंबात मात्र जुनी सवय परतली. बक चा चढ −५/८, म्हणून तिने लंबाचा चढ ८/५ घेतला. गुणाकार −१ ची अट तशीच लागली होती. लंबपाद (२००/८९, ३२०/८९) आणि नव्या सूत्राने लांबी ५.१०. पण या वेळी पडताळ्यात फसले: ½ × ७ × ५.१० = १७.९, आणि ½ × ८ × ५ × साइन ६०° = १७.३. आकडे जुळले नाहीत, तिने मागे जाऊन लंबाची अट दुरुस्त केली, चढ ११/२ मिळाला, लंबपाद (४०/४९, २२०/४९) आणि लांबी २०√३/७, सुमारे ४.९५.

पहिल्या चाचणीत सगळी सूत्रे एकाच चुकीच्या गृहीतकावर होती आणि पडताळा गप्प बसला. दुसऱ्यात दोन सूत्रे ६०° ची आणि एक ९०° चे अशी सरमिसळ झाली, म्हणून पडताळा बोलला. अर्धवट शिकलेल्या अवस्थेतली चूक अशी पकडली जाणे हे प्रगतीचेच लक्षण मानून तिला पूर्ण गुण दिले.

वेगळे काय करता आले असते

प्रश्न काढताना एक तपासणी पुरली असती: प्रत्येक उपप्रश्नाला दिलेल्या मापांपैकी कोणती लागतात? पहिल्या दोघांना एकही लागत नाही हे तेव्हाच दिसले असते, आणि ते वेगळ्या प्रश्नात गेले असते. पुढच्या प्रश्नपत्रिकांत ‘निवडलेले अक्ष, त्यांच्यातला कोन आणि एकक लिहा’ ही ओळ १ गुणासह घातली आहे.

अंतराचे सूत्र शिकवताना ते पायथागोरसच्या प्रमेयातून काढून दाखवले जाते, पण आठवडाभरात विद्यार्थ्यांच्या वहीत फक्त सूत्र उरते. आधी कोसाइनच्या नियमातून मधल्या पदासह सूत्र काढायचे आणि मग ९०° घालून ते पद नाहीसे होताना दाखवायचे, हा क्रम आता वापरून पाहिला जात आहे. त्याला दोन तास जास्त लागतात.

लंबाची अट सदिशांच्या अदिश गुणाकारानंतर (दोन सदिशांतून एक संख्या देणारा गुणाकार; सदिश लंब असले की तो शून्य) शिकवली असती तर ती एका ओळीत निघाली असती. या वर्गात ती चढांवरून काढली, ती लांब आणि विसरण्याजोगी झाली, आणि दुसऱ्या चाचणीत नेमकी तीच निसटली. तिरपे अक्ष सदिशांच्या आधी घ्यावेत की नंतर, यावर तिन्ही परीक्षकांचे अजून एकमत नाही. पुढच्या तुकडीत एका गटाला आधी आणि दुसऱ्याला नंतर शिकवून, शिरोलंबाचा हाच प्रश्न दोघांना द्यायचे ठरले आहे.